पासंग

सुनेने मनगटावर पट्टा बांधला, म्हणाली,
बाबा, आता रोज किती जळलं ते कळेल.
कोणाचं, मी विचारलं.
ती हसली.

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली मी.
तुर्भ्याच्या बाजारात गाळ्यागाळ्यातून
तागड्या उलट्या करून पाहिल्या.
पारड्याच्या पोटाला चिकटवलेली चिंच,
आतून कोरलेलं किलोचं वजन,
आणि 'साहेब, चहा तरी घ्या.'
खोटेपणा हाताला लागायचा तेव्हा,
चिकट किंवा पोकळ.

याला चाचपायला काहीच नाही.
पाठीवर एक हिरवा दिवा,
कातडीला कान लावून बसलेला.

सागर विहारला दोन फेऱ्या मारल्या, खाडीला ओहोटी होती.
घड्याळ म्हणालं, दोनशे बारा.
दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुरियनांचं घड्याळ मागून घेतलं,
दोन्ही एकाच हातात बांधली.
तोच मी, तीच वाट, तोच भेळवाला टाळलेला.
एक म्हणालं एकशे शहाऐंशी,
दुसरं दोनशे एकाहत्तर.
दिव्याच्या खांबाखाली थांबून दोघांकडे पाहिलं,
एकाच पोत्याची दोन वजनं सांगणाऱ्या
व्यापाऱ्यांकडे पाहायचो तसं.

मग नारळ खवला.
ओट्याशी उभा राहून, जागचा न हलता,
एकशे चाळीस पावलं.
ही म्हणाली, कुठवर पोचलात?

आणि सकाळी डोळे उघडतो तर
तीनशे ऐंशी आधीच खर्ची पडलेले.
कोणी मोजले रात्रभर?
कोणीच नाही.
पहिल्या दिवशी वय विचारलं होतं, उंची, वजन,
त्यावरून बांधलेला अंदाज.
आमच्याकडे कागदावर 'अंदाजे' लिहिलं
की वाकणकरसाहेब तांबड्या शाईने गोल करायचे
आणि कागद परत.

तरी म्हटलं, असू दे.
पासंग नसलेली तागडी मी तरी पाहिली नाही.
कुठल्या बाजूला आणि किती, एवढं कळलं की भागतं.
रोज तेवढाच खोटं बोलत असेल
तर कालच्याहून आज जास्त की कमी
इतकं तरी खरं सांगेल.
सुनेला हे सांगितलं. ती फोनमध्ये होती.

मंगळवारी पहाटे कांदा-बटाटा बाजारात गेलो.
आनंदा ढेबे, जावळीकडचा,
अजून पोती वाहतो. पन्नाशी उलटली.
त्याच्या हातात पट्टा बांधला, शेवटच्या भोकात,
म्हटलं, तू तुझं काम कर.

ट्रकपासून गाळ्यापर्यंत, फळीवरून वर, फळीवरून खाली,
मी खडूने भिंतीवर रेघा मारत होतो.
त्रेचाळीस पोती.
पोत्याचा कान धरलेला हात
मानेशी घट्ट, जराही न हलणारा.
धूळ, कांद्याची सालं,
घामाने बुळबुळीत झालेलं मनगट:
हिरव्या दिव्याला नाडी सापडेना.

दीड तासाने पाहिलं.
पावलं, तीनशे सहा.
जळलेलं, माझ्या दोन फेऱ्यांच्या निम्मंसुद्धा नाही.
भिंतीवरच्या रेघा पुन्हा मोजल्या.
त्रेचाळीसच.

एवढ्यात पट्टा त्याच्या हातात थरथरला,
काचेवर अक्षरं उमटली:
बराच वेळ बसून आहात. उठा, थोडं चाला.

काय म्हणतंय, साहेब?

एकतीस वर्षांत एकही खोटं माप
माझ्या शिक्क्याखालून गेलं नाही.
म्हणालो,
दमलास म्हणतंय.

आनंदा घड्याळाकडे बघत राहिला.
त्याला कसं कळलं, म्हणाला,
आणि खांद्यावरच्या पंच्याने काच पुसून
पट्टा माझ्या हातात दिला.
मागून कोणीतरी हाक मारली,
दुसरा ट्रक लागला होता.

आता घालतो मी ते.
वेळ बरोबर दाखवतं.